फ्रेडरिक डग्लस

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांपैकी मेरीलँड या संस्थानात, चेसापीक उपसागराच्या पूर्वेस, टकाहो नावाची एक लहानशी नदी आहे. तिच्या काठी १८१८ साली एका गुलाम स्त्रीच्या पोटी एक मुलगा जन्मास आला. आईने त्याचे नाव मोठ्या हौसेने फ्रेडरिक ऑगस्टस वॉशिंग्टन बेली असे ठेविले. नाव राजपुत्राला शोभेल असे होते. परंतु ज्या जन्मतिथीला इतर मुलांचे कोडकौतुक होते ती तिथी या मुलाला कधीच कळली नाही. गुलामांच्या मुलांचा जन्म हा सण नसे. मालकाच्या वहीत एका नगाची भर पडे, इतकेच. घोड्याला जसे आपले वय ठाऊक नसते तसे ते गुलामालाही ठाऊक असू नये, अशी धन्यांची समजूत होती.

त्या काळी अमेरिकेच्या दक्षिण भागात गुलामगिरीची चाल पक्की रुजलेली होती. आफ्रिकेतून धरून आणलेल्या माणसांचे वंशज तंबाखूच्या आणि कापसाच्या मळ्यांवर राबत. त्यांची खरेदी-विक्री होई. आई गुलाम असली की मूलही गुलाम, असा कायदा होता. बाप कोण, हा प्रश्न कायदा विचारीत नसे. फ्रेडरिकचा बाप गोरा होता, इतकेच लोक कुजबुजत. तो कोण हे त्याला अखेरपर्यंत निश्चित कळले नाही.

आई हॅरियट हिला दूरच्या एका शेतावर कामाला लावलेले होते. सुमारे बारा मैलांचे ते अंतर. दिवसभर शेतात खपून रात्री ती पायी चालत येई, मुलाला कुशीत घेऊन निजवी आणि तो जागा होण्यापूर्वी निघून जाई. कारण सूर्योदयाला शेतावर हजर नसल्यास चाबूक ठरलेला. अशा चारपाच भेटीच काय त्या झाल्या. फ्रेडरिक सातएक वर्षांचा असताना ती वारली. तिच्या आजारपणात किंवा अंत्यविधीस त्याला कोणी नेले नाही.

त्याला वाढविले ते आजीने. बेट्सी आजी मासे धरण्याची जाळी विणण्यात निष्णात होती आणि तिच्या हातची रताळी उत्तम रुजतात अशी तिची पंचक्रोशीत ख्याती होती. तिच्या झोपडीत फ्रेडरिकला आपण गुलाम आहोत याची जाणीवही नव्हती. तो सहा वर्षांचा झाला तेव्हा एके दिवशी आजी त्याला घेऊन चालू लागली. वाट लांबची होती. थकल्यावर तिने त्याला खांद्यावर घेतले. शेवटी ती दोघे कर्नल लॉइड यांच्या अफाट मळ्यावर पोचली. तेथे बरीच मुले खेळत होती. त्यांतली काही तुझीच भावंडे आहेत, असे सांगून आजीने त्याला त्यांच्यात जावयास लावले. थोड्या वेळाने एका मुलाने येऊन सांगितले की आजी निघून गेली. फ्रेडरिक धावत चुलीपाशी गेला, रस्त्यावर गेला. रस्ता रिकामा होता. तो जमिनीवर पडून रडला. नातवंडे मोठी झाली की त्यांना मळ्यावर नेऊन सोडावयाचे, असा त्या म्हातारीला हुकूम होता.

मळ्यावर मुलांना वर्षाकाठी जाड्याभरड्या कापडाचे दोन सदरे मिळत. ते फाटले की पुढील वाटपापर्यंत उघडे राहावयाचे. पायात जोडे नाहीत, अंथरूण नाही. कडाक्याच्या थंडीत फ्रेडरिक धान्याच्या एका पोत्यात डोके खुपसून झोपे आणि त्याचे पाय बाहेर राहून भेगाळून जात. मक्याच्या पिठाची लापशी एका लाकडी डोणीत ओतली जाई आणि मुले शिंपल्यांनी ती ओरपीत. जो चपळ असेल त्याचे पोट भरे.

आठव्या वर्षी त्याचे दैव थोडे फिरले. बाल्टिमोर शहरात ह्यू ऑल्ड नावाच्या गृहस्थाच्या घरी, त्याच्या लहान मुलाला सांभाळण्यासाठी त्याला पाठविण्यात आले. घरची मालकीण सोफिया हिने पूर्वी कधी गुलाम बाळगलेला नव्हता. ती त्याच्याशी माणसासारखी बोले. तिला धर्मग्रंथ मोठ्याने वाचताना ऐकून त्याने वाचावयास शिकविण्याची विनंती केली, आणि तिनेही आनंदाने मुळाक्षरांस आरंभ केला. मुलाची प्रगती तिने नवऱ्याला कौतुकाने सांगितली मात्र, तो संतापला. गुलामाला वाचावयास शिकविणे धोक्याचे आहे, शिकलेला गुलाम गुलाम म्हणून निकामी होतो, असे त्याने तिला बजावले. दक्षिणेकडील कित्येक संस्थानांत या शिकविण्यास कायद्यानेच बंदी होती. जेथे कायदा नव्हता तेथे धन्याचा शब्द पुरेसा होता.

हे सारे बोलणे फ्रेडरिकच्या समोरच झाले. धन्याला ज्या गोष्टीची इतकी भीती वाटते ती आपल्या फार उपयोगाची असली पाहिजे, हे त्या नऊदहा वर्षांच्या मुलाने ताडले. शाळेत न जाता मिळालेला तो त्याचा पहिला आणि सर्वांत मोठा धडा होता. सोफिया मात्र हळूहळू पालटली. त्याच्या हातात वर्तमानपत्र दिसले की ती झडप घालून ते हिसकावून घेऊ लागली. दुसऱ्याला दास करून ठेवण्याच्या सवयीने एका भल्या बाईचे मन कसे करपले, हे डग्लस यांनी पुढे लिहिले आहे. आणि लिहिताना त्यांनी तिच्यावर राग धरलेला नाही, हे विशेष होय.

धडे बंद झाले, शिकणे बंद झाले नाही. घरात पावाला तोटा नव्हता. फ्रेडरिक खिशात पावाचे तुकडे घेऊन बाहेर पडे. गल्लीतली गोरी मुले गरीब व भुकेली असत. त्यांना तो पाव देई आणि त्यांच्याकडून एकेका शब्दाचे वाचन शिकून घेई. लिहिणे त्याने जहाजबांधणीच्या कारखान्यात उचलले. सुतार लाकडे तासून, जहाजाच्या ज्या बाजूला ती बसवावयाची तिची आद्याक्षरे त्यांवर घालीत. ती अक्षरे त्याने गिरवली. मग तो एखाद्या मुलाला गाठून, तुझ्यापेक्षा मला चांगले लिहिता येते, अशी पैज मारी; तो मुलगा चिडून आणखी अक्षरे काढून दाखवी आणि याला तेवढी नवी अक्षरे मिळत. कुंपण व फरसबंदी ही त्याची पाटी आणि खडूचा तुकडा ही लेखणी होती. पुढे जोड्यांना पॉलिश करून मिळविलेल्या पन्नास सेंटांत त्याने भाषणांचे एक जुने पुस्तक विकत घेतले. त्यात गुलाम आणि धनी यांचा एक संवाद होता. गुलामाची बाजू इतकी बिनतोड की धनी त्याला मोकळा करतो. हे पुस्तक त्याने पारायण करावे तसे वाचले.

मधल्या काळात मूळ मालक वारला आणि मिळकतीची वाटणी निघाली. त्यासाठी फ्रेडरिकलाही मळ्यावर बोलाविण्यात आले. घोडे आणि माणसे, गुरे आणि बायका, डुकरे आणि मुले यांना एकाच रांगेत उभे करून प्रत्येकाची किंमत ठरविण्यात आली. म्हाताऱ्यांचे आणि तरुणांचे, सर्वांचे डोळे, दात, हातपाय तपासले गेले. सुदैवाने तो बाल्टिमोरला परत गेला; पण काही वर्षांनी, १८३३ मध्ये, त्याचा धनी टॉमस ऑल्ड याने त्याला पुन्हा खेड्यात आणले. वाचणारा, विचार करणारा हा मुलगा धन्याला जड वाटू लागला. तेव्हा त्याने त्याला एक वर्षाच्या कराराने कव्ही नावाच्या शेतकऱ्याच्या स्वाधीन केले. उर्मट गुलामांना वठणीवर आणणे हा या कव्हीचा लौकिक होता.

पहिले सहा महिने आठवडा चाबकावाचून गेला नाही. मुलाचे शरीर मोडले, आणि मनही मोडावयास आले. वाचण्याची इच्छासुद्धा नाहीशी झाली. १८३४ च्या ऑगस्टात मळणीच्या कामात तो भोवळ येऊन पडला, तर कव्हीने त्याला पडल्या जागी मारले. रक्ताळलेल्या अंगाने सात मैल चालत जाऊन त्याने धन्याकडे दाद मागितली. धन्याने त्याला परत पाठविले. त्यानंतरच्या सोमवारी सकाळी कव्ही त्याला बांधावयास धावून आला, तेव्हा सोळा वर्षांच्या फ्रेडरिकने त्याचा गळा पकडला. जवळजवळ दोन तास झोंबाझोंबी चालली. त्याने कव्हीला मारले नाही. फक्त मार खाण्याचे नाकारले. कव्ही धापा टाकीत मागे हटला, आणि नंतर वर्ष संपेपर्यंत त्याने या मुलाच्या अंगाला बोट लाविले नाही. ही गोष्ट त्याने सरकारदरबारी नेली नाही. नेली असती तर गुलामांना नमविणारा म्हणून असलेली त्याची पत बुडाली असती!

पुढल्या वर्षी दुसऱ्या शेतावर असताना फ्रेडरिकने दर रविवारी आपल्या सोबत्यांसाठी गुपचूप शाळा चालविली. चाळीसपर्यंत शिष्य जमत. त्यांत वयस्क माणसेही असत. सापडले तर प्रत्येकाच्या पाठीवर कोरडे बसणार, हे ठाऊक असूनही ती येत. पळून जाण्याचा एक बेत फुटला आणि त्याला तुरुंग पाहावा लागला. अखेर त्याची रवानगी पुन्हा बाल्टिमोरला झाली.

तेथील जहाजाच्या कारखान्यात गोरे कारागीर आणि कृष्णवर्णीय कारागीर शेजारी शेजारी काम करीत. गोऱ्या कामगारांना भय होते की, फुकट राबणारे गुलाम आपली मजुरी खाली आणतील. ते भय खोटे नव्हते. परंतु त्यांचा राग गुलामांचे श्रम विकणाऱ्या धन्यावर न निघता शेजारच्या गुलामावर निघे. चार गोऱ्या उमेदवारांनी फ्रेडरिकला घेरून बेदम मारले. त्याचा एक डोळा जाता जाता वाचला. पन्नास माणसे पाहत उभी होती. ह्यू ऑल्ड तक्रार घेऊन न्यायाधीशाकडे गेला, तेव्हा गोरा साक्षीदार आणा असे उत्तर मिळाले. काळ्या माणसाची साक्ष गोऱ्याविरुद्ध चालत नव्हती. डग्लस यांनी पुढे या प्रसंगावर फार मार्मिक लिहिले. गरीब गोऱ्याला काळ्याचा द्वेष शिकवून धनिकांनी दोघांनाही लुटले, असा त्यांचा निष्कर्ष होता.

जहाजाच्या फळ्यांमधील फटी तागाच्या दोराने व डांबराने बुजविण्याचे काम फ्रेडरिक उत्तम शिकला. दिवसाला दीड डॉलर मिळू लागला. दर शनिवारी ती सगळी मजुरी तो ह्यू ऑल्डच्या हातावर ठेवी. कधी सहा डॉलर मिळाले तर धनी खुशीने त्यातले सहा सेंट परत देई. या सहा सेंटांनी त्याचे समाधान होण्याऐवजी, सगळीच कमाई आपली आहे ही धन्याने दिलेली कबुलीच त्याला त्यांत दिसली.

या सुमारास त्याची अ‍ॅना मरे हिच्याशी ओळख झाली. ती जन्माने स्वतंत्र असलेली कृष्णवर्णीय तरुणी होती आणि घरकाम करून पोट भरी. तिच्या पुंजीचा त्याला आधार मिळाला. ३ सप्टेंबर १८३८ रोजी खलाशाचा लाल सदरा व टोपी घालून, एका खलाशी मित्राचे ओळखपत्र खिशात घेऊन तो आगगाडीत चढला. त्या पत्रातील वर्णन त्याच्याशी जुळत नव्हते. तपासनिसाने कागदावर ओझरती नजर टाकली आणि तो पुढे गेला. वाटेत एका जर्मन लोहाराने त्याला निरखून पाहिले. ओळखले असावे, पण तो बोलला नाही. रेल्वे, होडी, आगबोट असा प्रवास करीत चोवीस तासांच्या आत तो न्यूयॉर्कला, गुलामगिरी नसलेल्या भूमीवर, पोचला. अ‍ॅना मागाहून आली. त्यांचे लग्न झाले आणि ती दोघे न्यू बेडफर्ड या बंदराच्या गावी गेली. पाठलाग चुकविण्यासाठी तेथे त्याने डग्लस हे आडनाव घेतले.

स्वतंत्र भूमीतही रंग सुटला नाही. फटी बुजविण्याच्या कामावर डग्लस यांना घेतल्यास आपण काम सोडू, असे तेथील गोऱ्या कारागिरांनी सांगितले. तेव्हा त्यांनी कोळसा उपसला, लाकडे फोडली, ओझी वाहिली. मजुरी निम्मी मिळाली, पण ती त्यांची स्वतःची होती. विल्यम लॉइड गॅरिसन यांचे गुलामगिरीविरोधी साप्ताहिक ते नेमाने वाचीत. ऑगस्ट १८४१ मध्ये नॅन्टकेट बेटावरील सभेत ते प्रथमच मोठ्या गोऱ्या समुदायापुढे बोलावयास उभे राहिले. पाय लटपटत होते. परंतु त्या दिवसापासून त्यांचे वक्तृत्व हीच चळवळीची एक शक्ती झाली. ते गावोगाव हिंडले. गोऱ्यांच्या डब्यातून उतरण्याचे नाकारल्यामुळे आगगाडीच्या नोकरांनी त्यांना फरफटत बाहेर काढले, तेव्हा त्यांनी धरून ठेवलेले बाकही उखडून आले. १८४३ मध्ये इंडियाना संस्थानात जमावाने त्यांचा हात मोडला.

त्यांचे बोलणे इतके प्रौढ असे की लोक शंका घेऊ लागले: हा मनुष्य गुलाम असणे शक्य नाही! त्यावर डग्लस यांनी १८४५ मध्ये आत्मचरित्रच प्रसिद्ध केले आणि धन्याचे, मुकादमांचे, गावांचे नाव घालून सारे लिहिले. सत्य सिद्ध झाले, पण ठावठिकाणाही उघड झाला. पकडले जाण्याच्या भयाने त्यांना इंग्लंड-आयर्लंडला जावे लागले. तेथे कोणी त्यांना दारातून हाकलले नाही. तेथील स्नेह्यांनी दीडशे पौंड जमवून १८४६ च्या अखेरीस त्यांना ऑल्डकडून विकत घेतले आणि मुक्त केले. माणसाची किंमत देणे म्हणजे गुलामगिरी मान्य करणे, अशी टीका काही सहकाऱ्यांनी केली. टीका तत्त्वाला धरून होती. पण टीकाकारांच्या मागे शिकारी कुत्री लागलेली नव्हती.

परत आल्यावर रॉचेस्टर शहरी त्यांनी १८४७ मध्ये स्वतःचे वृत्तपत्र काढले. ध्रुव ताऱ्यावरून त्याला नाव दिले होते. पळणारे गुलाम रात्री त्याच ताऱ्याच्या रोखाने उत्तरेकडे जात. त्यांचे घर अशा पळपुट्यांचा आसरा बनले. एकदा तर अकरा माणसे एकाच वेळी त्यांच्या छपराखाली होती. त्यांचे जेवणखाण आणि अंथरूण अ‍ॅना पाही. त्याच शहरात त्यांची थोरली मुलगी रोझेटा एका शाळेत दाखल झाली. फी घेतली गेली, पण तिला इतर मुलींपासून वेगळ्या खोलीत बसविण्यात आले. डग्लस यांनी जाब विचारला, तेव्हा बाईंनी प्रत्येक मुलीला विचारले. मुलींची काहीच हरकत नव्हती. एका पालकाची मात्र होती, आणि तेवढी पुरली. डग्लस यांनी मुलीला काढून घेतले, आणि शहरातील सर्व शाळा सर्व मुलांना खुल्या व्हाव्यात म्हणून वर्षानुवर्षे झगडून १८५७ मध्ये ते घडवून आणले.

जुलै १८४८ मध्ये सेनेका फॉल्स या गावी स्त्रियांच्या हक्कांसाठी परिषद भरली. एलिझाबेथ केडी स्टँटन यांनी स्त्रियांस मताचा अधिकार मागणारा ठराव मांडला, तेव्हा परिषदेतील पुष्कळ जणांना तो फार पुढचा वाटला; लोक हसतील, असे त्यांना भय होते. डग्लस उठून त्या ठरावाच्या बाजूने बोलले आणि ठराव संमत झाला. त्या सभेत तेच एकटे कृष्णवर्णीय होते.

१८६१ मध्ये उत्तर आणि दक्षिण यांच्यात यादवी युद्ध पेटले. १ जानेवारी १८६३ रोजी अध्यक्ष लिंकन यांनी बंडखोर संस्थानांतील गुलामांना मुक्त केल्याची घोषणा केली. डग्लस यांनी कृष्णवर्णीय तरुणांना सैन्यात भरती होण्यास सांगितले, आणि प्रथम स्वतःचे दोन मुलगे धाडले. परंतु गोऱ्या शिपायाला महिना तेरा डॉलर, तर काळ्याला कपात जाऊन सात! गोळी दोघांना सारखीच लागत होती. डग्लस लिंकन यांना जाऊन भेटले आणि समान वेतन मागितले. पुढील वर्षी विधिमंडळाने ते मान्य केले. १८६५ मध्ये घटनेत दुरुस्ती होऊन गुलामगिरी साऱ्या देशातून नष्ट झाली. या घटनेचे पडसाद आपल्याकडेही उमटले. जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये लिहिलेले ‘गुलामगिरी’ हे पुस्तक अमेरिकेतील गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना अर्पण केले, ते याच स्मरणाने.

थोरांच्या चरित्रात न जुळणाऱ्या गोष्टीही असतात. युद्धानंतर मताचा अधिकार आधी कृष्णवर्णीय पुरुषांस द्यावा की स्त्रियांसही त्याच वेळी, यावरून १८६९ मध्ये डग्लस आणि त्यांच्या जुन्या सहकारी स्त्रिया यांच्यात तीव्र वाद झाला. ज्यांना रंगामुळे दारातून ओढून मारले जात आहे त्यांची निकड अधिक, असे डग्लस यांचे म्हणणे होते. काळ्या स्त्रीचे काय, हा प्रश्न तेव्हाही विचारला गेला, आणि त्याचे उत्तर कोणालाच नीट देता आले नाही. दुसरी गोष्ट अ‍ॅना हिची. अक्षरांसाठी जिवावर उदार झालेल्या या पुरुषाची पत्नी जवळजवळ निरक्षरच राहिली. चव्वेचाळीस वर्षे तिने संसार रेटला, जोडे शिवून घरखर्च भागविला. पण नवऱ्याच्या कीर्तीच्या पुस्तकांत तिच्यासाठी ओळी फार थोड्या आहेत. तिच्या मृत्यूनंतर डग्लस यांनी हेलन पिट्स या गोऱ्या विदुषीशी विवाह केला, तेव्हा गोरे रागावले आणि काळेही रागावले.

उतारवयात त्यांना राजधानीत अधिकाराच्या जागा मिळाल्या. हैती देशात वकील म्हणून ते जाऊन आले. १८७७ मध्ये ते आपल्या जन्मभागी गेले असता मृत्युशय्येवर असलेल्या टॉमस ऑल्डने त्यांना भेटीस बोलाविले. ज्याने कव्हीच्या हाती दिले, त्या म्हाताऱ्याचा कापणारा हात डग्लस यांनी हाती घेतला. दोघांचेही कंठ दाटून आले. ऑल्डने आजीला अखेरच्या दिवसांत टाकून दिले, असे डग्लस यांनी पूर्वी लिहिले होते. ते चुकीचे होते हे त्यांनी येथे मान्य केले. मग त्यांनी एक साधा प्रश्न विचारला: माझा जन्म केव्हाचा? ऑल्डने आठवून सांगितले, १८१८ चा फेब्रुवारी. साठीच्या घरात आलेल्या त्या पुरुषाला आपल्या जन्माचा महिना कळला, दिवस नाही.

२० फेब्रुवारी १८९५ रोजी वॉशिंग्टन येथे स्त्रियांच्या परिषदेची बैठक होती. डग्लस तेथे गेले, तेव्हा सर्व स्त्रियांनी उभे राहून त्यांचे स्वागत केले आणि त्यांना मानाने व्यासपीठावर नेले. सायंकाळी ते घरी परतले. बैठकीत काय काय झाले हे ते पत्नीला रंगवून सांगत होते. सांगता सांगताच ते खाली कोसळले. त्यांचा देह रॉचेस्टर येथे नेऊन पुरण्यात आला.